ॲडव्हान्स घेण्याआधी: फोटोचा कॉपीराइट आणि स्टॉक एजन्सीचे करार

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत फेब्रुवारीच्या सकाळी काढलेला एक फोटो माझ्या फार जवळचा आहे. काढणीला आलेले घड, खाली वाकलेल्या दोन बायका, हातात कात्री, पानांआड गेलेले चेहरे आणि मांडवातून तिरपा उतरलेला उजेड. एका निर्यातदाराने दिवसभराचे पैसे देऊन मला बोलावले होते. त्याच्या कॅटलॉगसाठी चाळीस फोटो दिले, बिल निघाले, काम संपले. वर्षभराने त्याच दिवसाचे सहा फोटो मी एका स्टॉक एजन्सीवर, म्हणजे आपले फोटो ऑनलाइन ठेवून ते वापरायचे परवाने विकणाऱ्या कंपनीकडे, चढवले. फोटो मी काढले म्हणजे ते माझेच, याबद्दल मनात शंकासुद्धा नव्हती. काही महिन्यांनी त्यातला एक दुसऱ्याच निर्यातदाराच्या खोक्यावर छापून आला आणि पहिल्याच्या वकिलाची नोटीस माझ्या घरी आली.

कायदा त्याच्या बाजूने होता. हे मला त्या दिवशी कळले, आणि तोपर्यंत मी बारा वर्षे हा धंदा करत होतो.

नाशिकमध्ये आज लग्नाच्या ऑर्डरी घेणारे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कामे करणारे आणि फावल्या वेळात स्टॉकवर फोटो टाकणारे कितीतरी जण आहेत. सिंहस्थ तोंडावर आहे, २०२७ च्या अमृतस्नानांसाठी आत्तापासून विचारणा सुरू झाली आहे. या गर्दीत आपले फोटो आपल्या हातून निसटू नयेत म्हणून काय काय करायचे, ते मी इथे कामाच्या क्रमाने लिहितो आहे.

पहिले काम: फोटो कोणाचा ते ठरवणे

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कॅमेरा भाड्याचा असो, लेन्स मित्राची असो, फरक पडत नाही. हक्क निर्माण व्हायला नोंदणी लागत नाही, फोटोवर नाव टाकावे लागत नाही. शटर पडले की हक्क जन्माला आला. तो कर्त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोंना प्रकाशनापासून ६० वर्षे मोजत असत, आता फोटो इतर कलाकृतींच्या पंक्तीत आले.

इथवरचे सगळ्यांना माहीत असते. घोटाळा पुढे आहे. कर्ता आणि मालक या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा आहेत. कलम १७ म्हणते की सर्वसाधारणपणे कर्ताच पहिला मालक. पण लगेच अपवाद येतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांची रोजीरोटी त्या अपवादांतच बसते.

कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. लग्न, बारसे, प्री-वेडिंग, कारखान्याचा कॅटलॉग, हॉटेलचा मेनू, बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट, सगळे यात आले. माझी द्राक्षबागही यातच होती.

पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटो मालकाचे. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या पगारी छायाचित्रकाराला मात्र थोडी जागा मिळते. छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीच्या वापराचा हक्क छायाचित्रकाराचा, पण तोही उलट करार नसेल तरच. म्हणून नेमणूकपत्र काढून वाचा. त्यात सर्व हक्क संस्थेचे असे वाक्य असेल तर ही जागाही गेली.

आणि पहाटे साडेपाचला स्वतःच्या मनाने उठून गोदाघाटावर गेलात, थंडीत रामकुंडावरचे धुके टिपले, कोणी बोलावले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते, तर तो फोटो पूर्णपणे तुमचा. नंतर तो कोणी विकत मागितला तरी तुमचाच. स्टॉकवर टाकायला हेच फोटो निर्धास्त.

जुन्या हार्डडिस्क उघडा आणि फोल्डरांची अशीच विभागणी करा: स्वतःचे, ऑर्डरचे, नोकरीतले. मी नोटीस आल्यावर हे काम केले, चार रविवार लागले. ज्या फोल्डरबद्दल खात्री नाही ते ऑर्डरचे समजा.

दोन कोपरे अंधारात राहतात. एक म्हणजे दिवसाच्या हजेरीवर बोलावलेला दुसरा फोटोग्राफर. त्याने काढलेल्या फोटोचा कर्ता तोच असतो. स्टुडिओ तुमचा असेल तर त्याच्याशीही कागद करा, आणि तुम्ही दुसऱ्याकडे हजेरीवर जात असाल तर ते फोटो तुमच्या पानावर टाकायची परवानगी आधी मागून घ्या. दुसरा कोपरा स्पर्धांचा. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘आलेल्या सर्व फोटोंचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असे असते. बक्षीस तिघांना मिळते आणि फोटो आयोजकाला शेकड्यांनी मिळतात. मी अशा स्पर्धेत फोटो पाठवत नाही आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही पाठवू देत नाही.

दुसरे काम: एक पान, आणि तेही क्लिकच्या आधी

‘उलट काही ठरलेले नसेल तर’ हे शब्द आपल्या बचावाचे आहेत. उलट ठरवून घ्या. पण कधी ठरवता याला फार महत्त्व आहे.

फोटो काढण्याआधी ठरले, तर हक्क मुळातच तुमच्याकडे जन्मतो. त्यासाठी कायद्याने ठरावीक नमुना सांगितलेला नाही. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला करारही २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार चालतो. म्हणजे व्हॉट्सॲपवर अटी पाठवल्या आणि समोरून ‘मान्य आहे’ असे लिहून आले, तरी हातात काहीतरी आहे. सहीचे पान अर्थातच जास्त भक्कम. पण फोटो काढून झाल्यावर, हक्क ग्राहकाकडे गेल्यावर, तो परत मिळवायचा तर कलम १९ प्रमाणे ग्राहकाच्या सहीचे लेखी हस्तांतर लागते. तेव्हा तो का सही करेल? त्याचे काम झालेले असते.

म्हणून ॲडव्हान्स स्वीकारण्याआधी पान पुढे करायचे. माझ्या पानावरचा मुख्य मजकूर असा आहे, जसाच्या तसा घ्या, फक्त तपशील बदला:

‘या कामात काढलेल्या सर्व फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ मध्ये काहीही असले तरी दोन्ही पक्षांनी हे परस्परसंमतीने ठरवले आहे. ग्राहकाला हे फोटो स्वतःची वेबसाइट, समाजमाध्यमे आणि छापील कॅटलॉग यांत वापरण्याची परवानगी आहे. मुदत ३ वर्षे. प्रदेश: भारत आणि युरोप. होर्डिंग, वेष्टन आणि तिसऱ्या पक्षाला देणे यांसाठी वेगळी परवानगी व वेगळा दर. पूर्ण रक्कम मिळाल्यावर ही परवानगी लागू होईल.’

मुदत आणि प्रदेश न चुकता लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतो. निर्यातदाराला युरोपात माल पाठवायचा असतो, त्यामुळे प्रदेश स्पष्ट असणे त्याच्याही हिताचे आहे, हे त्याला समजावून सांगता येते. हक्क विकलाच तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास ते हस्तांतर आपोआप संपते. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या करारात ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ असे एक निरुपद्रवी दिसणारे वाक्य असते. ते खोडायला सांगून बघा. निदान त्याचा मोबदला मागा.

ग्राहक म्हणतो, ‘दादा, मी पैसे देतोय, मला सगळे हक्क पाहिजेत.’ अशा वेळी हुज्जत घालू नका. फोटो कुठे कुठे वापरणार, एवढेच विचारा. दहापैकी आठ वेळा उत्तर येते: फेसबुक, इन्स्टा, एखादा फ्लेक्स. तेवढी परवानगी लिहून दिली की त्याचे समाधान होते. खरोखरच सर्व हक्क हवे असतील तर द्या, पण त्याची किंमत वेगळी सांगा. मी साध्या दराच्या अडीचपट सांगतो.

लग्नाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. नवरा-नवरीच्या फोटोंच्या मालकीसाठी भांडू नये. ते त्यांच्या घरचे क्षण आहेत, आपण ते स्टॉकवर विकणार नाही आणि विकूही नयेत. तिथे फक्त कामाचे नमुने म्हणून ठरावीक फोटो दाखवण्याची परवानगी लिहून घ्या. जोर लावायचा तो व्यावसायिक कामांवर.

एक हक्क मात्र विकूनही तुमच्याकडेच राहतो. कलम ५७ प्रमाणे, फोटो आपण काढला हे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी त्याची मोडतोड थांबवण्याचा अधिकार कर्त्याचा असतो.

औपचारिक करारनामा करायचा असेल तर मुद्रांकाचे बघा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागू झाला आहे. रोजच्या छोट्या ऑर्डरीला मी सहीचे पान आणि त्याच अटी छापलेले बिल यांवर भागवतो. मोठ्या कामाला वकिलाकडून कागद करून घेतो.

पुरावा सांभाळणे

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ, कच्ची फाइल, कोणालाही देऊ नका. तुमच्याकडे रॉ आहे आणि समोरच्याकडे फक्त जेपीजी, हा सर्वांत सोपा पुरावा. त्या फोटोच्या आगेमागच्या फ्रेमही ठेवा, कारण चोराकडे त्या नसतात. कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटचे रकाने असतात, तिथे नाव भरून ठेवा म्हणजे प्रत्येक फाइलच्या माहितीत ते आपोआप जाते. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे ना, ते दर महिन्याला बघा.

फाइलमधले किंवा फोटोवरचे हे नाव जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे वॉटरमार्क पुसून फोटो वापरणाऱ्याला नोटीस देताना हे कलम आवर्जून घाला.

नोंदणी ऐच्छिक आहे. अर्ज ऑनलाइन, कलाकृतीला ५०० रुपये शुल्क, हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. नोंदणीचा उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. सगळ्या फोटोंची नोंदणी करत बसणे परवडत नाही. वर्षातले दोन-चार फोटो, ज्यांची चोरी होणार हे तुम्हाला आतूनच माहीत असते, त्यांची करा.

फ्रेममधली माणसे आणि जागा

फोटोचा हक्क तुमचा असला तरी त्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर तुमचा हक्क नाही. जाहिरातीसाठी विकायचा फोटो असेल आणि माणूस ओळखू येत असेल, तर एजन्सी त्याच्या सहीचा मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायला दिलेले संमतिपत्र, मागते. मुलगा अठराच्या आतला असेल तर आई किंवा वडिलांची सही. रिलीज नसेल तर फोटो ‘एडिटोरियल’मध्ये जातो, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांसाठी चालतो, जाहिरातीसाठी नाही.

रिलीजचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. बागेत काम करणाऱ्या, लासलगावच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या मावशींपुढे तो नुसता धरून अंगठा घेणे मला अजिबात पटत नाही. त्यांना मराठीत बसून सांगा: हा फोटो परदेशातसुद्धा जाईल, साबणाच्या जाहिरातीत येऊ शकेल, औषधाच्या येऊ शकेल, आणि एकदा विकला की परत घेता येणार नाही. मग विचारा. एका आजींनी मला सरळ सांगितले, ‘औषधाच्या जाहिरातीत नको रे बाबा, लोक म्हणतील म्हातारी आजारी आहे.’ मी तो फोटो एडिटोरियलमध्येच ठेवला. सही देणाऱ्याला काही रक्कम द्या, तिची पावती ठेवा, फोटोची एक प्रत घरी नेऊन द्या.

जुन्या नाशकातल्या रहाडींवरची (रंगाच्या जुन्या हौदांवरची) रंगपंचमी, रामकुंडावरची गर्दी, साधूंच्या मिरवणुका हे सगळे एडिटोरियलच समजा. स्नान करणाऱ्या बायकांवर लेन्स रोखू नका. एजन्सीचा नियम असो वा नसो.

जागांचे थोडक्यात. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला आपला कायदा सूट देतो. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पालाही तीच सूट आहे. भिंतींवर रंगवलेली चित्रे मात्र त्या यादीत नाहीत, त्यांचा कॉपीराइट चित्रकाराचा. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात कॅमेरा नेता येत नाही. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे स्टँड-लाइट लावून व्यावसायिक काम करायचे तर आधी परवानगी काढा. देवळालीचा लष्करी परिसर, नाशिकरोडची नोटांची छपाई आणि ओझरचा विमानतळ यांच्या आसपास ड्रोन उडवायचा विचारसुद्धा नकाशा आणि परवानगी बघितल्याशिवाय करू नका. एजन्सीचे नियम कायद्याहून कडक असतात. कायद्याने चालणारा फोटोसुद्धा वाइनरीचा लोगो दिसतो म्हणून नाकारला जातो.

एजन्सीचा करार: ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी

इथे घाई करू नका. करार डाउनलोड करा, छापून काढा, पेन्सिल घेऊन बसा. इंग्रजी अवघड वाटले तर ओळखीच्या वकिलाला किंवा प्राध्यापकाला बरोबर घ्या. मी पुढच्या गोष्टी शोधतो आणि ज्या क्रमाने मला महत्त्वाच्या वाटतात त्याच क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी हमी आणि भरपाईचे कलम. यात तुम्ही लिहून देता की फोटो पूर्णपणे माझा आहे, यात कोणाचा हक्क मोडत नाही, आणि उद्या दावा झाला तर एजन्सीचा आणि तिच्या गिऱ्हाइकाचा खर्च मी भरीन. बहुतेक जण हे कलम वाचतच नाहीत. द्राक्षबागेच्या प्रकरणात याच कलमावर बोट ठेवून एजन्सीने माझ्या खात्यातली सगळी रक्कम गोठवली. त्या सहा फोटोंचीच नाही, सगळ्या फोटोंची. कराराच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पैसे घेऊन केलेल्या कामाचा फोटो मी ‘माझा’ म्हणून लिहून दिला होता. शेवटी सहाही फोटो काढले, निर्यातदाराला त्यांतून मिळालेले सगळे पैसे दिले, वर त्याच्या पुढच्या हंगामाचे एक दिवसाचे काम फुकट केले, तेव्हा मिटले.

मग बघायचे की एजन्सीला नेमके काय देतो आहोत. करारात ‘लायसन्स’ असेल तर मालकी तुमच्याकडे राहते आणि एजन्सी तुमच्या वतीने परवानग्या विकते. ‘असाइन’ किंवा ‘ट्रान्सफर’ असा शब्द कॉपीराइटला जोडून आला तर थांबा, तिथे मालकीच चालली आहे. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, गेटी-आयस्टॉक यांसारख्या मोठ्या ठिकाणी मालकी फोटोग्राफरकडेच राहते. धोका असतो तो नव्या, छोट्या, ‘एकरकमी शंभर फोटो घेतो’ म्हणणाऱ्यांकडे.

तिसरी गोष्ट एक्स्क्लुझिव्हची, म्हणजे फक्त त्याच एजन्सीमार्फत विकण्याच्या अटीची. ही अट एका फोटोपुरती आहे की तुमच्या सगळ्या कामाला लागू आहे, ते शोधा. सगळ्या कामाला असेल तर दुसऱ्या एजन्सीवर जाता येत नाही, आणि कधी कधी स्वतःच्या ओळखीच्या प्रकाशकाला थेट परवानगी विकणेही अडते. एकच फोटो एकीकडे एक्स्क्लुझिव्ह आणि दुसरीकडे साधा, असे चुकूनही करू नका.

रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट नव्हे. गिऱ्हाईक एकदा पैसे भरते आणि ठरलेल्या मर्यादेत पुन्हा पुन्हा वापरते. मर्यादा मोठी असते, शटरस्टॉक आणि अडोबीच्या साध्या परवान्यात छापील प्रती पाच लाखांपर्यंत चालतात. राइट्स मॅनेज्ड म्हणजे प्रत्येक वापराचा दर वेगळा: कुठे, किती काळ, केवढ्या आकारात. दुर्मीळ फोटोला तो न्याय देतो. पण एकदा फोटो रॉयल्टी फ्री विकला गेला की ‘हा फक्त तुम्हालाच’ असे कोणाला सांगता येत नाही. म्हणून मी सिंहस्थाचे माझे सर्वोत्तम फोटो रॉयल्टी फ्री टाकणार नाही. भेळभत्त्याच्या गाड्या, द्राक्षांचे घड, पावसाळ्यातला हरिहरगड हे बिनधास्त टाकीन.

आता टक्के. आयस्टॉक साध्या फोटोग्राफरला फोटोमागे १५ टक्के देते. अडोबी स्टॉक ३३ टक्के. शटरस्टॉकने २०२० मध्ये १५ ते ४० टक्क्यांच्या सहा पायऱ्या आणल्या आणि दर १ जानेवारीला सगळ्यांना पुन्हा तळाच्या पायरीवर आणायचे ठरवले, डाउनलोडमागे किमान १० सेंट. पण टक्का किती यापेक्षा कशावर आहे हे बघा. गिऱ्हाईक वर्गणीदार असेल तर एका फोटोची किंमतच काही सेंटांत येते, आणि टक्का त्यावर. तुमच्या गोदाघाटाच्या फोटोचे हातात दहा-पंधरा रुपये येतात, तेही पुष्कळदा. हे आधीच समजले तर नंतर मन खट्टू होत नाही. स्टॉक हा संख्येचा धंदा आहे, पन्नास फोटोंवर त्यातून घर चालत नाही.

भागीदार एजन्सींचे कलमही वाचा. फोटो दुसऱ्या कंपनीमार्फत विकला गेला तर आधी तिचा वाटा जातो, उरलेल्यात तुमचा टक्का. या साखळीतून बाहेर राहण्याची सोय आहे का ते सेटिंगमध्ये तपासा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा आता प्रत्येक करारात शिरला आहे. अडोबीने २०२३ मध्ये आणलेले फायरफ्लाय हे चित्रे बनवणारे एआय अडोबी स्टॉकच्या फोटोंवर शिकवले गेले, फोटोग्राफरांना त्यासाठी बोनस दिला गेला. शटरस्टॉकवर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा प्रशिक्षणातून आपले फोटो बाहेर ठेवता येतात. ज्या यंत्राने उद्या माझ्या घाटाचे खोटे चित्र काढायचे, त्याला माझ्याच फोटोंनी शिकवावे हे मला मान्य नाही. मी ते बंद ठेवले आहे. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, पण तो तुम्ही घेतलेला असावा.

शेवटी करार कसा संपतो ते बघा. फोटो काढून घेतला तरी आधी विकलेले परवाने चालूच राहतात. फोटो उतरवायला किती दिवस, थकलेली रक्कम कधी, किमान रकमेखाली उरलेल्या पैशांचे काय, आणि वाद कुठल्या देशाच्या कायद्याने, हे सगळे वहीत लिहून ठेवा. बहुतेक करार परदेशी कायद्याखाली असतात, तेव्हा एजन्सीशी भांडण नाशिकच्या कोर्टात नेता येईल अशी आशा धरू नका. एजन्सी अटी बदलते तेव्हा येणारा ईमेल वाचायचा आणि जुन्या कराराची प्रत जपून ठेवायची.

पैसे आणि कर

अमेरिकी एजन्सी डब्ल्यू-८बेन नावाचा तिकडच्या कराचा फॉर्म मागते. तो भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो. भरला, पॅन क्रमांक दिला आणि भारत-अमेरिका कर-करार निवडला तर रॉयल्टीवर १५ टक्के. सही केलेल्या वर्षानंतर तीन कॅलेंडर वर्षे तो चालतो, मग नवा. ही कमाई इथल्या विवरणपत्रातही दाखवावी लागते आणि तिकडे कापलेल्या कराचे श्रेय मागता येते. जीएसटीचे आपल्या सीएला विचारा.

फोटो चोरीला गेला तर

पहिल्या तासात फोन करून भांडू नका. आधी पुरावा पकडा. पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट, त्यात पत्ता आणि तारीख दिसेल असा. फ्लेक्स असेल तर जागेसकट फोटो. छापील पत्रक असेल तर मूळ प्रत मिळवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचा हॅश क्रमांक (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) येतो, म्हणून मूळ फाइलींना हात न लावता त्यांची वेगळी प्रत करून ठेवा.

मग तपासा की त्याने स्टॉकवरून रीतसर घेतला आहे का. आपल्याच गिऱ्हाइकाला चोर म्हणण्याची वेळ येते ती इथेच. बातमी, टीका-समीक्षा किंवा खासगी अभ्यासासाठी वापर असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची सूट लागू होते का तेही बघा. बिनबुडाची धमकी दिली तर कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर जाऊ शकतो.

खात्री झाली की साधे, सभ्य पत्र पाठवा: हा फोटो माझा, या तारखेला काढला, आपण या ठिकाणी विनापरवाना वापरला आहे, सात दिवसांत काढावा आणि झालेल्या वापराचे इतके शुल्क द्यावे. सोबत तुमच्या नेहमीच्या दराचे जुने बिल जोडा. नाशिक लहान आहे, धंद्यातली माणसे पुन्हा भेटतात. माझी बहुतेक प्रकरणे या पत्रावरच मिटली, कित्येकदा डिझायनरने गूगलवरून उचललेला फोटो होता आणि मालकाला पत्ताच नव्हता.

वेबसाइट किंवा समाजमाध्यमावरचा फोटो उतरवायला त्या कंपनीकडे तक्रार करा. कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत कारवाई अपेक्षित असते. पण ती २१ दिवसांपुरतीच, त्याआधी न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत दिसू शकतो.

सोशल मीडियावर टाकलेला फोटो सार्वजनिक झाला, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. २०१० च्या हैती भूकंपाचे डॅनियल मोरेल यांनी ट्विटरवर दिलेले फोटो एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी यांनी विनापरवाना वापरले होते, आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई दिली. खटला तिकडच्या कायद्याचा, पण ‘नेटवर होते म्हणून घेतले’ या सबबीची किंमत त्यातून कळते.

पत्राने भागले नाही तर वकील. कलम ६२ प्रमाणे कॉपीराइटचा दावा, फिर्यादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. चोरी दिल्लीच्या कंपनीने केली तरी तुम्ही सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकता. तीन लाख किंवा त्याहून जास्त मूल्याच्या व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. फौजदारी मार्गही आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र (पोलिसांनी थेट नोंदवायचा) असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पोलीस ठाण्यात जाताना त्या निकालाची प्रत बरोबर असू द्या.

भरपाईच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. वकिलाकडे जाताना पिशवीत एवढे न्या: रॉ फाइल आणि आगेमागच्या फ्रेम असलेला पेनड्राइव्ह, चोरीचे स्क्रीनशॉट, पाठवलेले पत्र आणि त्याची पोच, तुमच्या दराची दोन-तीन बिले, स्टॉकवर असेल तर एजन्सीच्या कराराची प्रत, आणि ऑर्डरचा फोटो असेल तर ग्राहकाच्या सहीचे ते एक पान. माझ्या वकीलबाई सगळ्यात आधी ते पानच मागतात.